तिसऱ्या प्रश्नापाशी सत्तर सेकंद

माझ्या दीड महिन्याच्या मेहनतीच्या चार घड्या घालून त्याने ती टेबलाच्या पायाखाली सारली होती.

मी हातात ट्रे घेऊन उभी होते. सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधलं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांचा मोठा मांडव; तिथे दुपारी साडेबाराला जागा मिळणं म्हणजे नशीबच. त्यात बाहेर धो धो पाऊस, आणि आसपासच्या सगळ्या ऑफिसांतली माणसं आत घुसलेली. एकच खुर्ची रिकामी होती, त्याच्या समोरची. बसता बसता खाली नजर गेली आणि टेबलाच्या पायाखालचा तो निळा कागद मी लगेच ओळखला. आपलं पोर आपल्याला गर्दीतही ओळखू येतंच.

"तो कागद काढा," मी इंग्रजीत म्हटलं.

त्याने मान वर केली. चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच होते. "काढला तर टेबल हलेल."

"हलू दे. ते मी लिहिलंय."

त्याने वाकून खाली पाहिलं. मग माझ्याकडे. "टेबल?"

"पत्रक."

तो काही बोलणार एवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो आई, जेवतोय... हो गं, भाजी आहे ना त्यात... नाही, रोज नाही खात बाहेर... झोप आता, तिकडे मध्यरात्र झाली..." चांगलं स्वच्छ मराठी. मी मुकाट्याने बसले आणि माझं सूप ढवळत राहिले. फोन ठेवल्यावर तो पुन्हा इंग्रजीत सुरू होणार तोच मी मराठीत म्हटलं, "काकडीचे तीन काप म्हणजे भाजी होत नाही. आईशी खोटं कशाला बोलता?"

त्याच्या हातातला चमचा हवेतच राहिला. कानाच्या पाळ्या मात्र हळूहळू लाल झाल्या, आणि माझा राग तिथेच अर्धा उतरला. अर्धाच.

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे तो राग तुम्हाला कळेल. मी निशिगंधा मेश्राम, नागपूरची. तेव्हा मला सिंगापुरात येऊन तीन वर्षं झाली होती. अलेक्झांड्रा रोडवरच्या एका छोट्या कंपनीत मी सूचनापत्रकं लिहायचे. भाताचा कुकर, प्रिंटर, रक्तदाबाचं यंत्र... खोक्यातून जी पुस्तिका निघते आणि जी कोणी वाचत नाही, ती माझी. २००८च्या जूनमध्ये इथल्या अमेरिकन नागरिकांची एक मंडळी आमच्याकडे आली. कुठल्या पक्षाची नाही, नुसती मतदार नोंदणीवाली. नोव्हेंबरात त्यांच्या देशाची निवडणूक होती. परदेशात राहणाऱ्यांना टपालाने मत देता येतं, पण आधी एक फॉर्म भरावा लागतो आणि तो लोकांना धड समजत नाही. तर समजेल असं पत्रक करून द्या, म्हणाले. आमच्या साहेबांनी ते काम माझ्या टेबलावर आणून ठेवलं. भाताचा कुकर काय आणि अमेरिकेचा अध्यक्ष काय, त्यांना सारखंच.

गंमत म्हणजे मला स्वतःला जगात कुठेच मत नव्हतं. इथे मी परदेशी. नागपुरात मतदारयादी नव्याने झाली तेव्हा 'इथे राहत नाही' म्हणून माझं नाव कापलं गेलं. ते मला बाबांनी फोनवर सांगितलं.

बाबा शाळामास्तर. दर निवडणुकीत त्यांना ड्यूटी लागायची, पेटी घेऊन पार गडचिरोलीच्या जंगलापर्यंत. आमच्या घरात बुद्धाच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो. मत त्यांनी आपल्या हातात ठेवलंय, ते चुकवायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, आणि दुसऱ्याने कोणाला द्यावं हे तर चुकूनही सांगायचं नाही, हे आम्हाला वरणभातासोबत भरवलेलं. आईने कोणाला मत दिलं हे बाबांना तेहेतीस वर्षांत माहीत नाही. अशा घरातली मुलगी मी. आणि हा गृहस्थ मतदार असून पत्रकाची पाचर करून खुशाल चिकन राइस खात होता.

"मग तुम्ही अमेरिकन?"

"पासपोर्टने. नाशिकला चौथी पास झालो आणि बाबांनी उचलून ओहायोत नेलं. चारुदत्त पाटणकर." त्याच्या गळ्यात जुरोंग आयलंडचा पास होता, तिथल्या एका कारखान्यात तो इंजिनिअर. त्या दिवशी अलेक्झांड्राच्या ऑफिसात मीटिंग होती म्हणून इकडे आलेला. "हे पत्रक सकाळी बसच्या रांगेत एका बाईंनी हातात कोंबलं."

"आणि मत?"

"कधी दिलं नाही."

"वय?"

"एकोणतीस. तुम्ही जनगणनेला आलाय का?"

"म्हणजे अध्यक्षाच्या दोन निवडणुका वाया घालवल्यात."

"अहो, माझ्या एका मताने ओहायोत काय ढिम्म हलणार आहे?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "टेबलसुद्धा हलत नाही."

तो हसला. मग वाकून त्याने तो कागद काढला, मांडीवर ठेवून नीट सरळ केला आणि वाचायला लागला. टेबल हललं, माझं सूप ट्रेमध्ये सांडलं. मी काही बोलले नाही, कारण माझं लिहिलेलं कोणी वाचताना मी बोलत नाही.

हा माझ्या कामाचा नियम. पत्रक छापायला जाण्याआधी मी ते एखाद्या नवख्या माणसाला देते, त्याच्या तिरपं मागे बसते, आणि तो फॉर्म भरताना नुसती बघते. हातात पेन्सिल आणि घड्याळ. तो कुठे थांबला, किती सेकंद थांबला, एवढंच लिहायचं. मदत करायची नाही. त्याने विचारलं तरी सांगायचं नाही. वाचणारा जिथे थांबतो तिथे लिहिणारीची चूक असते, आणि तुम्ही तोंड उघडलंत की ती चूक कधीच सापडत नाही.

त्याच्या हातातली पहिली आवृत्ती होती. दुसरीसाठी मला असाच कोरा करकरीत मतदार हवा होता.

"शनिवारी वेळ आहे?" मी विचारलं.

कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. "शिकवणार मला?"

"नाही. नुसती बघणार."

"त्याला इकडे काहीतरी वेगळं म्हणतात," तो म्हणाला, आणि मला उगाचच पाण्याचा घोट घ्यावा लागला.

शनिवारी दुपारी चारला हॉकर सेंटर रिकामं असतं. पंखे फिरत असतात, कॉफीवाले अंकल पेपर वाचत असतात. आम्ही तेच डुगडुगतं टेबल धरलं. त्याने सराव म्हणून कोरा फॉर्म भरायला घेतला आणि पहिल्याच झटक्यात चुकला. अमेरिकेतला शेवटचा पत्ता हवा होता तिथे त्याने क्वीन्सटाउनचा लिहिला. मी वहीत नोंद केली. चूक माझीच होती, वाक्य लांबलं होतं.

"बरोबर आहे ना?" त्याने मागे न बघता विचारलं.

मी गप्प.

"निदान खोकून तरी सांगा."

मी गप्प.

"तुमच्या पेन्सिलचा आवाज येतो. फार कडक मास्तरीण आहात."

तिसरा प्रश्न होता परदेशातल्या मुक्कामाचा. दोन चौकोन. एक, मी देशाबाहेर तात्पुरता राहतो. दोन, मी देशाबाहेर बेमुदत राहतो. कुठल्या चौकोनात खूण करता यावर काही ठिकाणी गावच्या निवडणुकीची मतपत्रिका मिळणार की नाही, तेही ठरतं. त्याने पहिल्या चौकोनात फटकन खूण केली. मी लिहिलं: प्रश्न तिसरा, दोन सेकंद.

मग दर शनिवारी. दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती. खरं सांगायचं तर दुसऱ्या शनिवारनंतर तो कोरा मतदार राहिलाच नव्हता, त्याला फॉर्म पाठ झाला होता. चाचणी म्हणून त्याचा काडीचा उपयोग नव्हता. हे मला कळत होतं, मी ते वहीत लिहिलं नाही, आणि पाचवी आवृत्ती काढली.

काम झालं की कॉफी. मग तांगलिन हॉल्टच्या मागच्या बाजूला चालत जायचो, तिथून तेव्हा मलेशियाची रेल्वे जायची. गवतातून वाट, केळीची झाडं, आणि मध्येच ती गाडी खडखडत यायची. आधी तिच्या डब्यांवर पैज लागायची, मग हरणाऱ्याने काहीतरी खरं सांगायचं. अशा एका हरलेल्या डब्याला 'तुम्ही'चं 'तू' झालं. दुसऱ्या एका डब्याला त्याने विचारलं, "शेवटची दुरुस्ती तू जांभळ्याच मार्करने का करतेस?"

मी डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. "मत दिलं की इथे शाई लावतात. नखावर आणि थोडी कातडीवर. महिनाभर जात नाही. लहानपणी बाबा ड्यूटीवरून आले की मी पेनाने तशी खूण करून घ्यायची आणि शाळेत मिरवायची. दोन हजार चारला खरी लागली. त्यानंतर नाही. रंग जवळपासचा आहे, म्हणून."

त्याने माझ्या बोटाकडे पाहिलं. धरलं नाही, नुसतं पाहिलं. तेवढ्यानेच ते बोट रात्रभर माझं राहिलं नाही.

सप्टेंबरच्या मधल्या एका शनिवारी तो जरा गप्पगप्पच आला. "आईशी बोललो. आमच्या गावच्या लायब्ररीचा कर या वेळी मतपत्रिकेवर आहे. नाही मंजूर झाला तर ती आठवड्यातून दोनच दिवस उघडी राहणार." कॉफीचा कप त्याने गोल फिरवला. "आई तिथे इंग्रजी शिकली. दर गुरुवारी. मी बाजूला बसून चित्रांची पुस्तकं बघायचो. मागच्या वेळी कर किती मतांनी पडला सांगू? एकोणीस."

मी काही बोलले नाही. या वेळी नियम म्हणून नाही.

"माझ्या लक्षातच आलं नव्हतं," तो म्हणाला. "त्या एकोणिसात आमच्या रस्त्यावरची किती पोरं असतील, बाहेर गेलेली. माझ्यासारखी."

तेव्हा मला तो आवडला. म्हणजे आधीही आवडत होताच, पण कानाच्या पाळ्यांमुळे. आता त्या एकोणिसामुळे.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्याने खरा फॉर्म आणला, पाठवायचा. पत्रकही छापून आलं होतं, ताज्या शाईचा वास असलेलं. बसल्या बसल्या तो म्हणाला, "एक सांगायचंय. डिसेंबरात माझं इथलं काम संपतं. कंपनी विचारतेय, ह्यूस्टनच्या मुख्य ऑफिसात परत येतोस की अजून तीन वर्षं जुरोंगला राहतोस. पंधरा ऑक्टोबरपर्यंत कळवायचंय. तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं हे मला ठणठणीत माहीत होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. माणसाने कुठल्या देशात राहायचं, आई कुठे, नोकरी कुठे, म्हातारपण कुठे, हा त्याचा निर्णय. मी 'राहा' म्हटलं आणि हा उद्या पस्तावला तर? आमच्या घरात कोणी कोणाचा हात धरून शिक्का मारत नाही.

"आधी फॉर्म भर," मी म्हटलं, आणि सवयीने त्याच्या तिरपं मागे जाऊन बसले. वही काढली. आता ती ढाल होती माझी, दुसरं काही नाही.

नाव. जन्मतारीख. ओहायोचा पत्ता. सगळं सरसर. मग तिसरा प्रश्न.

पेन थांबलं.

पंखा फिरत होता. अंकल कप विसळत होते. तात्पुरता की बेमुदत... त्याची मान थोडी वळली, पूर्ण नाही. "निशी," तो हळूच म्हणाला, "इथे काय लिहू?"

मी घड्याळाकडे पाहिलं. सेकंदकाटा हलत होता, तेवढंच दिसत होतं.

"निशी?"

"मदत करणं नियमात बसत नाही," मी म्हटलं.

त्याने पहिल्या चौकोनात खूण केली. तात्पुरता. खाली सही केली, फॉर्म पाकिटात घातला. मी वहीत लिहिलं: प्रश्न तिसरा, सत्तर सेकंद. आणि मग, काय सांगू, चाचणी संपली की जो प्रश्न मी प्रत्येकाला विचारते तोच माझ्या तोंडातून गेला. "कुठे अडखळलात?"

"तू पाहिलंस की," तो म्हणाला. टपालपेटीपर्यंत मी सोबत गेले नाही.

पुढचा शनिवार कोरा गेला. मी चारला हॉकर सेंटरवर जाऊन बसले, कशाला ते देव जाणे. अंकल कॉफी घेऊन आले आणि म्हणाले, "टुडे युअर फ्रेंड नॉट कमिंग, आह?" मी म्हटलं, बिझी. "बिझी लाह," ते म्हणाले, आणि न मागता एक बिस्किट ठेवून गेले. ते बिस्किट बघून मला रडू आलं.

घरी माझी फ्लॅटमेट विनीता. पुण्याची, बँकेत, बोलायला सडेतोड. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे त्याने तोंडाने विचारलं, आणि तू घड्याळ लावून बसलीस?"

"अगं, निर्णय त्याचा होता."

"त्याचा होताच. पण तुला तो हवाय की नको, हा कोणाचा निर्णय होता? त्याचाच? धन्य आहे तुझी." आणि ती भांडी घासायला निघून गेली, जरा जास्तच आवाज करत.

रविवारी बाबांचा फोन. "जय भीम, बेटा. काय करून राहिली?"

"जय भीम, बाबा. काही नाही." मग न राहवून विचारलं. नाव न घेता, आडून आडून. बूथवर एखाद्याने तुम्हाला विचारलं, मास्तर, कोणाला मत देऊ, तर तुम्ही काय करायचे?

"काही नाही सांगायचो. त्याचं त्यानं पाहावं."

"बरोबर. मीपण तेच केलं."

माझे बाबा मास्तर आहेत, आडून विचारलेलं त्यांना सरळ ऐकू येतं. "पण बाई, मी माझं मत टाकून मगच ड्यूटीवर जायचो. दुसऱ्याला सांगायचं नाही म्हणजे आपलं टाकायचं नाही, असं कुठं शिकली तू? मी तर नाही शिकवलं."

मी फोन धरून बसले. नंतर ते गॅसच्या सिलिंडरबद्दल काहीतरी बोलत होते.

चारुदत्तला फोन करायचं ठरवलं. सोमवारी ठरवलं, मंगळवारी ठरवलं, बुधवारीही ठरवलं. गुरुवारी त्याचाच मेसेज आला. "मतपत्रिका आली. तुझ्या छापील पत्रकात एक चूक आहे. शनिवारी चार."

चूक. माझ्या धंद्यात यापेक्षा वाईट शब्द नाही. दोन रात्री मी ते पत्रक उलटसुलट वाचलं. पत्ते, तारखा, आतलं पाकीट, बाहेरचं पाकीट. काही सापडेना. आणि चूक सापडत नसतानाही मी शनिवारची वाट बघत होते, यावरून काय ते समजा.

तो आधीच येऊन बसला होता. जरा बारीक वाटला, की मलाच तसं बघायचं होतं, कोण जाणे. टेबलावर त्याची मतपत्रिका.

"आधी हे," तो म्हणाला.

मी उठून पाठ फिरवली आणि समोरच्या नूडल्सच्या दुकानाची पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचली. मागे पेनाचा आवाज, कागदाचा आवाज, पाकिटाला डिंक लावल्याचा आवाज. "झालं," तो म्हणाला. एकोणतीस वर्षांचा माणूस, पहिलं मत. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला त्याचा अभिमान वाटला. तोंडाने मात्र म्हटलं, "चूक दाखव."

त्याने माझं पत्रक उघडून तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. "हे फक्त मलाच विचारतंय. दुसऱ्या माणसाला कोणी विचारलंच नाही."

"कुठल्या दुसऱ्या..."

"म्हणून मी एक फॉर्म केलाय. आणि हे पाकीट. आधी फॉर्म भरायचा, मग पाकीट उघडायचं. उलटं चालणार नाही." त्याने चिकटवलेलं एक पाकीट टेबलाच्या मधोमध ठेवलं, माझ्यापुढे एक कागद सरकवला, आणि उठून माझ्या तिरपं मागे जाऊन बसला. त्याच्या हातात पेन्सिल होती.

कागद वहीचा होता. अक्षर चौथीच्या पोराचं, मोठं, टपोरं, ओळीला धरून. त्याचं मराठी लिहिणं नाशिकलाच थांबलं होतं, आणि तिथूनच त्याने पुन्हा सुरुवात केली होती. वर लिहिलं होतं: मतदाराचे पूर्ण नाव. त्यापुढे त्यानेच भरलं होतं: निशिगंधा प्रमोद मेश्राम.

मतदार. माझं नाव. इतक्या वर्षांनी कुठल्यातरी कागदावर दोन्ही एका ओळीत आले होते. मला पुढचं दिसेना. चष्मा नसताना चष्मा पुसावासा वाटला.

प्रश्न दुसरा: पत्ता. तोही भरलेला.

प्रश्न तिसरा: चारुदत्त मला इथे हवा आहे. खाली दोन चौकोन. तात्पुरता. बेमुदत.

"आणि दोन्ही नको असेल तर?" मी विचारलं.

मागून नुसती पेन्सिल खरडल्याचा आवाज.

"चारुदत्त?"

"मदत करणं नियमात बसत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात हसू नव्हतं. तो घाबरला होता, माझ्याएवढाच.

मी बसले त्या दोन चौकोनांसमोर. ह्यूस्टन आठवलं, त्याची आई आठवली, तो उद्या पस्तावला तर, तेही आठवलं. मग लक्षात आलं की यातलं काहीच या कागदावर विचारलेलं नाही. मला काय हवंय एवढंच विचारलं होतं, आणि ते मला दीड महिना माहीत होतं. पिशवीतून जांभळा मार्कर काढला. दुसऱ्या चौकोनात खूण केली, अशी की खालच्या पानावरही उमटावी.

"राहा," मी म्हटलं. मोठ्याने. "मला तू हवा आहेस. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

पेन्सिल थांबली. "चाळीस सेकंद," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

पाकीट मी उघडलं. आत त्याने कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत होती. अजून तीन वर्षं जुरोंगला राहायला तयार आहे. खाली सही, आणि तारीख मेसेजच्या आदल्या दिवसाची, बुधवारची.

"तू आधीच ठरवलं होतंस?"

"माझं मी ठरवलं. कोणाच्या सांगण्यावरून नाही, तुला तसंच हवं असतं ना." तो येऊन समोर बसला. टेबल हललं. "काम आवडतं, आईला विचारलं, ती म्हणाली मग नागपूरच्या लोकांचं जेवण फार तिखट असतं एवढं लक्षात ठेव. पण तुला हवाय की नाही, ते मला कळायला नको? नाहीतर तीन वर्षं राहायचो आणि दर शनिवारी तू माझ्या मागे बसून सेकंद मोजायचीस."

"मग त्या दिवशी तात्पुरता का लिहिलंस?"

"लायब्ररी होती ना. बेमुदत लिहिलं तर गावची मतपत्रिका हुकली असती. आणि त्या दिवशी ते खरंच होतं, निशी. तू गप्प बसलीस, तेव्हा मी तात्पुरताच होतो."

त्याचा हात टेबलावर होता, मी त्यावर हात ठेवला. अंकलनी पेपर वर केला, अगदी डोळ्यांपर्यंत.

मग त्याने माझा डावा हात उलटा केला, मार्कर घेतला, आणि तर्जनीच्या नखावर, थोडं कातडीवर, एक जांभळी रेघ ओढली. जीभ दातांत धरून, जपून. रेघ वाकडी आली. मी ती आठवडाभर पाणी लागू न देता जपली, विनीताने त्या आठवड्यात भांडी घासण्यावरून मला बरंच ऐकवलं.

त्याची मतपत्रिका आम्ही दोघांनी मिळून पोस्टात टाकली. पेटीच्या तोंडाशी त्याने पाकीट धरलं होतं आणि मी त्याचं कोपर. तिथूनच मी नागपूरला फोन लावला.

"बाबा, मी मत दिलं."

पलीकडे माझे बाबा हसले, आणि घसा साफ करून म्हणाले, "चांगलं केलं. पण कोणाला दिलं ते सांगायचं नसते, बेटा."

मी सांगितलं.